सुटीत मुलांना कुठे अडकवायचे?

वार्षिक परीक्षा आटोपत आल्या की पालकांचा एक ठरलेला प्रश्न शाळेच्या दारात येतो, "आता दीड महिना मुलांना कुठे अडकवायचे?" त्यातला 'अडकवायचे' हा शब्द आम्हाला खटकतो. मग सकाळी पोहणे, दुपारी पुढच्या इयत्तेच्या गणिताची शिकवणी, संध्याकाळी कुठलेसे समर कॅम्प. जूनमध्ये मूल वर्गात येते ते एप्रिलपेक्षाही दमलेले.

एका सक्तीच्या सुटीचे आमच्या देवासात काय झाले, ते पाहावे. ३० जानेवारी १९४८ रोजी कुमार गंधर्व येथे राहायला आले ते क्षयाने आजारी होऊन. वय अवघे तेवीस. डॉक्टरांनी गाण्यास मनाई केलेली. सुमारे पाच वर्षे हा गवई न गाता काढतो, म्हणजे काय झाले असेल त्यांच्या मनाचे! पण कान उघडे होते. आसपासच्या बायका गात ती माळवी लोकगीते त्यांनी ऐकली, मनात घोळवली. पुढे त्या धुनांतून नवे राग उभे राहिले. शीलनाथ महाराजांच्या धुनीवर नाथपंथी साधूंची निर्गुणी भजने ऐकली, तीही त्यांच्या गाण्यात आली. नंतर तुकोबांच्या अभंगांवर त्यांनी स्वतंत्र कार्यक्रम केला. बेळगावजवळच्या सुळेभावीचा, कानडी घरातला हा माणूस. आमची मुले मराठी घरातली, आणि वहीत 'शाळा' हा शब्द 'शाला' असा लिहितात.

धार आणि देवास ही दोन्ही पवारांची गावे. येथे मराठी पिढ्यान्‌पिढ्या टिकली ती घरांतून. आजीच्या ओव्यांत माळवी शब्द कसे मिसळले आहेत, हे कोणत्याही पुस्तकात मिळणार नाही. या सुटीत नातवंडांनी तिच्याजवळ बसून दहा ओव्या उतरवून घेतल्या तर? पुढच्या सुटीपर्यंत आजी असेलच असे नाही, हे कटू असले तरी खरे आहे.

धार्मिक अभ्यासाबद्दल थोडे स्पष्ट लिहितो. पाठांतर स्पर्धेत मुले रामरक्षा एका दमात म्हणतात. मधल्या एका ओळीचा अर्थ विचारला की गप्प. आम्ही स्वतः परीक्षक म्हणून बसलो आहोत आणि घड्याळाकडे बघत गुण दिले आहेत, तेव्हा दोष आमच्याही पदरी येतो. गीतेच्या बाराव्या अध्यायात अवघे वीस श्लोक आहेत. दोन दिवसांना एक धरला तरी चाळीस दिवसांत होतो. सोबत ज्ञानेश्वरीतली त्यावरची ओवी आजोबांनी वाचावी आणि मुलाने अर्थ आपल्या शब्दांत लिहावा, चुकला तरी चालेल. "भक्त सुखदुःखात सारखा राहतो म्हणजे त्याला रडू येत नाही का?" असे एखादीने विचारले तर तिला दटावू नये. त्या प्रश्नातच अभ्यास आहे.

धारच्या मुलांना तर फडके स्टुडिओ गावातच आहे. मुंबईच्या चौपाटीवरचा लोकमान्यांचा पुतळा घडवणारे रघुनाथ कृष्ण फडके वसईचे, पण ते धारचे होऊन राहिले. १९६१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आत्याकडे, मामाकडे धारला गेलात तर एक सकाळ तेथील शिल्पे पाहावी, आणि घरी येऊन ओल्या मातीचा नुसता एक हात करून पाहावा. बोटे किती अवघड असतात ते कळेल.

विश्वस्त मंडळींना एक विनंती. मे महिन्यात शाळेचे वाचनालय कुलूपबंद असते. ते सकाळी आठ ते दहा उघडे ठेवावे. अर्ज नको, फी नको, प्रमाणपत्र तर नकोच. किल्ली सांभाळायला दोन निवृत्त आजोबा तयार आहेत, आम्ही त्यांना विचारून ठेवले आहे.