पडण्याचे भय

पक्षाघाताचा रुग्ण घरी येतो. रुग्णालयात फिजिओथेरपिस्टच्या आधाराने तो वॉर्डच्या टोकापर्यंत जात असे. घरी मात्र पलंगापासून न्हाणीघरापर्यंतची दहा पावलेही टळू लागतात. पायांतील शक्ती तेवढीच असते. ‘उठू नका हं, पडाल!’ हे वाक्य दिवसातून किती वेळा त्याच्या कानी पडते, ते कुटुंबीयांनी एकदा मोजून पाहावे.

हे भय निराधार नव्हे. पक्षाघातानंतर तोल खरोखरच बिघडतो आणि रुग्ण बहुधा दुबळ्या बाजूवरच पडतो. त्या बाजूची हाडे वापराअभावी ठिसूळ होत असल्याने खुबा मोडण्याचा धोकाही तिकडेच अधिक. परंतु भ्यालेला माणूस अंग ताठ करतो, पावले आखूड टाकतो, नजर जमिनीला खिळवतो आणि हळूहळू चालणेच सोडतो. मग स्नायू अधिक दुबळे होतात, तोल अधिक जातो. एकदाही न पडलेल्या रुग्णांतसुद्धा हे घडते.

अमेरिकेतील डॉक्टर मेरी टिनेटी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली हे भय मोजण्यासाठी एक प्रश्नावली मांडली. स्नान करणे, कपाटातील वस्तू काढणे, खुर्चीत बसणे-उठणे अशी नित्याची दहा कामे न पडता करण्याचा विश्वास कितपत आहे, एवढेच तीत विचारलेले आहे. घरीही असेच विचारावे. ‘भीती वाटते का?’ म्हटले की, विशेषतः पुरुषमंडळी, ‘छे!’ म्हणून मोकळी होतात. मोरीच्या ओल्या उंबरठ्याविषयी विचारले की खरे उत्तर येते. ज्या कामाविषयी विश्वास सर्वांत कमी, त्याचा सराव फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली आधी सुरू करावा.

सोबत चालणाऱ्याने दुबळ्या बाजूला, किंचित मागे राहावे. दुबळा हात धरून ओढणे हा प्रेमाचा पण घातक प्रकार. त्याने खांदा दुखावतो. कमरेला रुंद पट्टा बांधून तो धरावा. काठी मात्र चांगल्या हातातच हवी.

आणखी एक गोष्ट बहुधा आपणहून मागावी लागते: जमिनीवरून उठण्याचे शिक्षण. पडल्यावर आपण तसेच पडून राहू, कोणी येणार नाही, ही धास्ती पुष्कळांच्या मनात पडण्याहूनही मोठी असते. कुशीवर वळणे, चांगल्या हातावर भार देऊन बसणे, सरकत जड खुर्चीपाशी पोहोचून तिच्या आधाराने उभे राहणे, हे टप्पे सतरंजीवर शिकता येतात. त्या वेळी घरातील एकाने तरी जवळ बसून ते पाहून घ्यावेत.