गुरांचे औषध, गिधाडांचे विष

लंगडणाऱ्या बैलाला वेदनाशामक इंजेक्शन दिले की त्या औषधाचे शरीरात पुढे काय होते, हे अकोला-अमरावतीकडच्या गोठ्यात कोणी विचारत नाही. जनावर उठून चारा खाऊ लागले की भागले. परवाना देणाऱ्यांनी मात्र हा प्रश्न विचारायलाच हवा. तो वेळेवर न विचारल्याची किंमत गिधाडांनी मोजली.

औषध रक्तावाटे अवयवांत पसरते, मुख्यतः यकृतात त्याचे रूप बदलते आणि मग ते मलमूत्रातून बाहेर पडते. हा प्रवास प्रयोगशाळेत उंदीर, कुत्रे अशा प्राण्यांत तपासतात. पण एका प्राण्याला पचलेले औषध दुसऱ्याला पचेलच असे नाही. गाय डायक्लोफिनॅक काही दिवसांत बाहेर टाकते. त्याआधीच ती दगावली आणि गिधाडांनी तिचे मांस खाल्ले, तर त्यांची मूत्रपिंडे निकामी होतात, युरिक आम्ल अवयवांवर साचते आणि पक्षी मरतात. हे कारण २००४ मध्ये उघड झाले. भारतातील पांढऱ्या पाठीची गिधाडे १९९२ ते २००७ या काळात ९९ टक्क्यांहून अधिक घटली.

जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर २००६ मध्ये बंदी आली. पण ॲसिक्लोफिनॅक विकले जातच राहिले. नाव वेगळे असले तरी गाईच्या शरीरात त्याचे झपाट्याने डायक्लोफिनॅकच होते, हे २०१६ च्या संशोधनाने दाखवले. पुढे म्हशीतही तेच आढळले. तरीही बंदीला २०२३ साल उजाडले.

म्हणजे आपण आधी औषध विकतो, मग पक्षी मरतात आणि शेवटी बंदी घालतो. हा क्रम उलटा व्हायला हवा. गुरांसाठीच्या प्रत्येक नव्या वेदनाशामकाचे त्यांच्या शरीरात काय होते आणि ते गिधाडांना बाधते का, याची चाचणी परवान्याआधीच सक्तीची करावी. अकोल्यात पशुवैद्यकाची पदव्युत्तर संस्था आहे. वऱ्हाडातील मेलेल्या गुरांच्या यकृताचे नमुने नियमित तपासण्याचे काम शासनाने तिच्याकडे सोपवावे.

मेळघाटात गिधाडे पुन्हा वसवण्याचे प्रयत्न सुरू आहेत. जंगल राखीव असले तरी गिधाड अन्नासाठी कित्येक किलोमीटर उडते आणि गावाबाहेर टाकलेल्या ढोरावरही उतरते. म्हणून पशुपालकांनी डॉक्टरांकडे गिधाडांना सुरक्षित ठरलेले मेलॉक्सिकॅम मागावे. दुसरे वेदनाशामक दिलेले जनावर दगावले, तर ते उघड्यावर न टाकता खोल पुरावे.