तलवार कोणाशी लढायची?

आमच्या वस्तीतली आठवीतली एक मुलगी शालेय स्पर्धेत तलवारबाजी पाहून आली आणि "मला फेन्सिंग शिकायचेय" म्हणून हटून बसली. विहाराच्या बैठकीत विषय निघाला तेव्हा हशा पिकला. "अगं, तो साहेबलोकांचा खेळ. आपले तिथे काय काम?" असे एक ज्येष्ठ समाजबांधव म्हणाले. मला काही हसू आले नाही.

तलवार कोणी धरायची, हा प्रश्न आपल्यासाठी खेळाचा कधी होता? भारतात सामाजिक क्रांती का झाली नाही, याचे उत्तर बाबासाहेबांनी 1936 साली 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये दिले आहे. चातुर्वर्ण्याने खालच्या वर्गांना शस्त्रही धरू दिले नाही आणि अक्षरही. कोरेगावला 1818 साली पराक्रम गाजवूनसुद्धा 1890 च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी महारांची सैन्यभरती बंद केली. त्याविरुद्ध सरकारदरबारी अर्ज करणारे गोपाळबाबा वलंगकर आपल्या दापोलीचेच पेन्शनर सैनिक. महार रेजिमेंट उभी राहायला मात्र 1941 साल उजाडले.

युरोपातही हेच चालले होते, हे आपल्या लोकांना फारसे माहीत नाही. तिकडे तलवारीचे द्वंद्व हा प्रतिष्ठितांचा हक्क. अपमान झाला तर समोरच्याला आव्हान द्यायचे. पण आव्हान देणारा बरोबरीचा पाहिजे. 1896 साली ऑस्ट्रियातल्या जर्मन राष्ट्रवादी विद्यार्थी संघटनांनी वायडहोफेन येथे ठराव केला, की ज्यूला जन्मतःच अब्रू नाही, म्हणून त्याच्याशी तलवार लढवायची नाही. जन्मतःच! हा ठराव वाचून कोकणातल्या माणसाला पाणवठा आठवल्याशिवाय राहील का? आणि त्याच 1896 साली अथेन्सच्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिकमध्ये तलवारबाजी हा खेळ होता.

पुढे काय झाले? शेजारच्या हंगेरीचा येनो फुक्स हा ज्यू खेळाडू 1908 आणि 1912 च्या ऑलिंपिकमध्ये सेबर प्रकारात वैयक्तिक आणि सांघिक अशी चार सुवर्णपदके घेऊन गेला. अमेरिकेत पीटर वेस्टब्रूक हा कृष्णवर्णीय खेळाडू 1984 साली कांस्यपदक जिंकला. 1991 साली त्याने न्यूयॉर्कमध्ये संस्था काढून गरीब वस्त्यांतली पोरे या खेळात आणली. त्यातलाच कीथ स्मार्ट पुढे जगात पहिल्या क्रमांकावर पोचला.

भारताची पहिली ऑलिंपिक तलवारबाज भवानी देवी 2021 साली टोकियोत खेळली. सुरुवातीला ती बांबूच्या काठ्यांनी सराव करायची. तेव्हा काठीने पायांची चाल शिकता येते, पण समोरासमोर लढायला मास्क पाहिजेच. 1982 साली रोमच्या जागतिक स्पर्धेत प्रतिस्पर्ध्याचे पाते मोडून मास्कमधून आत घुसले आणि स्मिर्नोव्ह हा ऑलिंपिक विजेता दगावला. त्यानंतर मास्क, जाकीट, पाती सगळेच मजबूत झाले. आणि गरिबाची वाट तिथेच अडते.

वकील म्हणून एक सांगतो. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे आणि ते समांतर आहे. म्हणजे अनुसूचित जातीच्या जागांमध्येही खेळाडूंचा वाटा आहे. आपली किती पोरे त्या वाट्यावर हक्क सांगतात? कबड्डीपुढे आपण पाहतच नाही. कबड्डीला माझा विरोध नाही, मीही खेळलोय.

दरवर्षी 14 एप्रिलला डीजेवर आपण किती उधळतो, त्याचा हिशेब मंडळांनी जाहीर करावा, असे मी आमच्या बैठकीत म्हणालो. काहींना राग आला. येऊ दे. यंदा डीजे एक दिवस कमी करून दोन मास्क, दोन जाकिटे, दोन हातमोजे आणि दोन पाती घ्यावीत, असा लेखी प्रस्ताव मी दिला आहे. दोन संच असले की दहा मुले आळीपाळीने खेळू शकतात. रविवारी त्यावर मतदान आहे. त्या मुलीलाही बैठकीला बोलावले आहे.