शेगडी दुरुस्त करावी की बदलावी?

टीव्ही बंद पडला की त्याच संध्याकाळी मेकॅनिकला निरोप जातो. फ्रिज बिघडला तर घरभर धावपळ होते. पण गॅसच्या शेगडीच्या नशिबी अशी काळजी क्वचितच येते. एक बर्नर नुसता मिणमिणतो, दुसऱ्याचे बटण पकडीने फिरवावे लागते, तरी वर्षानुवर्षे तिच्यावरच दोन वेळचा स्वयंपाक उरकला जातो. ‘चालते आहे ना अजून!’ एवढ्यावर विषय संपतो. मग एखाद्या दिवाळीत ‘जुनी द्या, नवी घ्या’ अशी पाटी दिसते आणि जड पितळी बर्नरची, आणखी दहा वर्षे सहज चालली असती अशी शेगडी कवडीमोलाने दुकानदाराच्या हवाली होते. दोन्हीकडे नुकसानच. एकीकडे जिवाला धोका, तर दुसरीकडे पैशांचा अपव्यय.

निर्णय घेण्याआधी काही दिवस ज्योतीकडे नीट लक्ष द्यावे. निरोगी ज्योत निळी, स्थिर आणि बर्नरच्या प्रत्येक छिद्रावर सारखी असते. ती पिवळी पडून लांब जिभेसारखी वर येऊ लागली आणि भांड्यांची बूड काळी होऊ लागली, तर गॅसला पुरेशी हवा मिळत नाही असे समजावे. बटणामागे जेट नावाचा छोटा पितळी तुकडा असतो. त्याच्या सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून गॅस वेगाने बाहेर पडतो, जाताना बर्नरच्या लांब मानेत आजूबाजूची हवा ओढून घेतो आणि हे मिश्रण वर छिद्रांपाशी जळते. ही वाट कुठे तुंबली की ज्योत बिघडते. अर्धवट जळणाऱ्या गॅसमधून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. तेव्हा खिडकी लावून घेतलेल्या लहान स्वयंपाकघरात पिवळी ज्योत ही केवळ भांडी घासण्याची कटकट राहत नाही.

आपल्याकडे ही वाट तुंबायला कारणे भरपूर. फुलके थेट आचेवर फुगवले जातात, त्यांचे पीठ छिद्रांत पडते. भरताचे वांगे भाजताना रस गळतो. दूध आणि वरण उतू जाण्याचा तर नेमच असतो. बर्नरच्या मानेत कोळ्याने जाळे केले किंवा झुरळ जाऊन बसले, तरी परिणाम तोच. अशा वेळी बर्नर थंड झाल्यावर काढून कोमट साबणाच्या पाण्यात भिजवावा, ब्रशने घासावा, पिनेने एकेक छिद्र मोकळे करावे आणि पूर्ण वाळल्यावरच बसवावा. जेटच्या छिद्रात मात्र शिवणाची सुई किंवा तार कधीही घालू नये. पितळ मऊ असते. छिद्र किंचितही मोठे झाले की गॅस जास्त येतो आणि ज्योत कायमची पिवळी होते. जेट किरकोळ किमतीला मिळतो, तो कारागिराकडून बदलूनच घ्यावा.

दोष बर्नरचा की आतल्या भागाचा, हे घरच्या घरीही ओळखता येते. दोन्ही बर्नर एकाच मापाचे असतील, तर शेगडी थंड असताना त्यांची अदलाबदल करून पाहावी. मंद ज्योत बर्नरबरोबर दुसऱ्या बाजूला गेली, तर फक्त बर्नर बदलून काम भागेल. ती जागच्या जागी राहिली, तर जेट किंवा कॉक तपासायला हवा. एवढे आधी ठाऊक असले की ‘बाई, सगळेच गेले आहे’ असे सांगणाऱ्या कारागिरापुढे गृहिणी निरुत्तर होत नाही.

कधी कधी शेगडीचा काहीच दोष नसतो. घरगुती सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण असते. ब्युटेनची वाफ होण्याचे तापमान सुमारे शून्य अंशापाशीच आहे. म्हणून दिल्ली किंवा इंदूरच्या थंडीत, सिलिंडर संपत आलेला असताना, सकाळी ज्योत मंदावते. अशा वेळी सिलिंडर गरम पाण्यात ठेवणे किंवा आडवा करणे हा वेडेपणा आहे. दोन्ही बर्नर एकाच वेळी मंदावले असतील, तर आधी सिलिंडर, रेग्युलेटर आणि नळी यांच्यावरच संशय घ्यावा.

आता कॉककडे वळू या. बटण जड फिरत असेल तर बहुधा आतले ग्रीस वाळलेले असते. कारागीर कॉक उघडून, पुसून, उष्णता सोसणारे ग्रीस लावून देतो आणि तो पुन्हा सुरळीत फिरू लागतो. ग्रीसच्या जागी घरातले खोबरेल तेल वापरू नये. पण बटण बंद असूनही बर्नरपाशी वास येत असेल, तर ते बटण पुन्हा वापरू नये. गॅसला स्वतःचा वास नसतो, गळती लगेच कळावी म्हणूनच त्यात उग्र वासाचे रसायन मिसळलेले असते. शिवाय हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने तो जमिनीलगत, ओट्याखाली साचतो. उभ्याने स्वयंपाक करणाऱ्या बाईला तो उशिरा जाणवतो, खाली रांगणारे मूल मात्र त्यातच असते.

शंका आली तर सर्व बटणे बंद ठेवून रेग्युलेटर चालू करावा आणि नळीची दोन्ही टोके, सांधे व कॉकच्या दांड्या यांवर साबणाचे पाणी लावावे. बुडबुडे आले म्हणजे गळती आहे. काडी पेटवून तपासणारे महाभाग अजूनही आढळतात! वास जाणवताच रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात, विजेचे एकही बटण चालू किंवा बंद करू नये आणि घराबाहेर जाऊन १९०६ या क्रमांकावर कळवावे. रबरी नळी दर ५ वर्षांनी बदलावी, ती वरून धडधाकट दिसत असली तरीही. अनेकदा नवी शेगडी घेणाऱ्या घरात नळी मात्र जुनीच राहते. हा कोणता हिशेब?

तर दुरुस्ती कुठवर करावी? बर्नर, जेट, बटण, पाय, भांडे ठेवायची जाळी हे सारे बदलता येते आणि बदलावे. लायटरशिवाय पेटणाऱ्या शेगडीचे ते यंत्र बिघडले म्हणून शेगडी टाकून देणे तर हास्यास्पदच, चार पैशांचा लायटर आणावा. कॉकही एकदा बदलायला हरकत नाही. पण शेगडीखालून जाणारी गॅसची नळी गंजली असेल, तर मोह आवरावा. कोकणात, मुंबईत, गोव्यात खाऱ्या हवेने आणि रोजच्या ओल्या फडक्याने हा गंज लवकर धरतो. त्यावर रंग मारून किंवा डाग देऊन भागत नाही. रबरी नळी जिथे बसते ते तोंड झिजून नळी तारेने बांधावी लागत असेल, तरी तेच. काचेच्या शेगडीला तडा गेला असेल, तर कंपनीची तीच काच बसवून मिळेपर्यंत ती पेटवू नये. काच मिळत नसेल, तर शेगडीचे आयुष्य संपले.

इंधनाचा हिशेबही पाहावा. आयएस ४२४६ या भारतीय मानकानुसार शेगडीने गॅसमधली किमान ६८ टक्के उष्णता भांड्याला द्यायला हवी. समजा, झिजलेल्या बर्नरमुळे आणि वाकलेल्या जाळीमुळे ती ५५ टक्क्यांवर आली, तर ३० दिवस पुरणारा १४.२ किलोचा सिलिंडर साधारण २४ दिवसांतच संपेल. दुरुस्तीचा खर्च नव्या शेगडीच्या निम्म्यावर जात असेल आणि सिलिंडरही असा लवकर संपत असेल, तर जुनीला चिकटून राहण्यात काटकसर नाही.

दुरुस्ती वितरकाच्या किंवा शेगडीच्या कंपनीच्या माणसाकडूनच करून घ्यावी. ‘गॅस कंपनीकडून तपासणीला आलोय’ असे म्हणून दुपारी दारात उभे राहणारे आणि घाबरवून नळ्या-बर्नर विकणारे कमी नाहीत. ओळखपत्र पाहावे, वितरकाला फोन करावा, तोवर दार उघडण्याची गरज नाही.

नवी घेताना आयएसआय चिन्ह पाहावे. शेगडी वितरकाकडूनच घेतली पाहिजे असे बंधन नाही, हे अनेकांना माहीत नसते. ओटा लहान असेल तर चार बर्नरची हौस करू नये. मोठी भांडी एकमेकांना खेटतात आणि मागचा बर्नर पुसायचा राहतो. घरात पाइपचा गॅस येणार असेल, तर तसे आधीच दुकानात सांगावे, कारण त्याचे जेट वेगळे असतात. ते बदलण्याचे काम गॅस पुरवणाऱ्या कंपनीचा माणूसच करील.

राहिली जुनी शेगडी. आपल्याकडे ती सहजपणे कामवालीला देऊन टाकण्याची पद्धत आहे, आणि देणाऱ्याला त्यात उदारपणाही वाटतो. फक्त रंग उडाला म्हणून किंवा घरात तिसरा बर्नर हवा म्हणून बदलली असेल, तर बर्नर साफ करून आणि नवी नळी जोडून खुशाल द्यावी. पण जी गळते म्हणून आपल्या ओट्यावरून उतरवली, ती तिच्या दहा बाय दहाच्या खोलीत पाठवू नये. तिचे कॉक काढून ती भंगारातच घालावी.