प्रशिक्षण ऑनलाईन करा, पण जातीचा धडा गाळू नका!

प्राथमिक शाळेचा शिक्षक प्रशिक्षित असावा आणि तो शक्यतो शेतकरी वर्गातून यावा, अशी मागणी महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे केली होती. आज आमच्या समाजातून हजारो शिक्षक उभे राहिले. प्रशिक्षणाची गत मात्र काय आहे?

राज्याने जिल्ह्याला शिकवायचे, जिल्ह्याने तालुक्याला, तालुक्याने केंद्राला, ही उतरंड जिल्हा परिषदेच्या गुरुजींना पाठ आहे. पुण्यात काही दिवस चाललेला विषय केंद्रावर येईपर्यंत एका दुपारीत उरकला जातो. आणि वाटेत सर्वांत आधी गळतो तो अडचणीचा भाग! दलित मुलाला मागे का बसवले जाते, पोषण आहाराला वेगळी पंगत का पडते, शिष्यवृत्तीची नावे भर वर्गात जातीसकट का वाचली जातात, हे सुलभकाला सांगायचे नसले की तो ‘वेळ कमी आहे’ म्हणून पुढचा कागद उलटतो. माईक कोणाच्या हाती आहे, यावर आमच्या लेकरांचे नशीब ठरावे काय?

म्हणूनच ऑनलाईन प्रशिक्षणाला आमच्यातील काही मंडळी सरसकट नाके मुरडतात, ते आम्हाला पटत नाही. केंद्र शासनाने ऑगस्ट २०१९ मध्ये पहिली ते आठवीच्या सुमारे ४२ लाख शिक्षकांना डोळ्यासमोर ठेवून ‘निष्ठा’ कार्यक्रम समोरासमोर सुरू केला. कोरोनाने शाळा बंद पाडल्या, तेव्हा ऑक्टोबर २०२० पासून तो ‘दीक्षा’ या व्यासपीठावर १८ घटकांत आला. (दीक्षा या शब्दाचा आम्हाला लागणारा अर्थ वेगळा, ते असो.) भामरागडच्या गुरुजींना आणि दादरच्या बाईंना तोच धडा, तेच शब्द. मधल्या कोणाची कात्री नाही.

मात्र धडा एकच असेल, तर तो लिहितो कोण, हा प्रश्न पूर्वीपेक्षा मोठा होतो. उतरंडीत एखादा आंबेडकरवादी सुलभक स्वतःच्या हिमतीवर चार वाक्ये जास्त बोलत असे. पडद्यावर जे नाही, ते लाखो शिक्षकांना एकाच वेळी नाही! ‘समावेशक शिक्षण’ या गुळगुळीत शब्दावर आमचे समाधान होणार नाही. संविधानाच्या कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ९ ने वंचित घटकांतील बालकांशी भेदभाव होऊ न देण्याची जबाबदारी स्थानिक प्राधिकरणावर टाकली. हे वर्गातील उदाहरणांसह, जातीचे नाव घेऊन शिकवणारा स्वतंत्र व सक्तीचा घटक हवा. तो लिहिणाऱ्यांत हे भोगलेले शिक्षक हवेत.

बटणे दाबत प्रमाणपत्र काढणारे, घरच्या पोराकडून प्रश्न सोडवून घेणारे महाभागही आहेतच. त्यासाठी प्रत्येक घटकानंतर केंद्राच्या शिक्षण परिषदेत समोरासमोर चर्चा झाली पाहिजे. आमच्या शिक्षक संघटनांनी बदली आणि वेतनश्रेणीच्या निवेदनात ही मागणी शेवटच्या ओळीत न टाकता पहिल्या क्रमांकावर लिहावी आणि राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या दारात जावे.