कपाटातली हवा

पिंपळे सौदागरात राहायला आलेल्या बऱ्याच जणांनी हिंजवडीच्या पगारातून आधी फ्लॅटचा हप्ता भरला, मग गाडीचा, आणि २०१०च्या आगेमागे कधीतरी एक डीएसएलआर घेतला. बाळाच्या बारशाला तो दणक्यात वापरला, एकदा गोव्याला नेला, एकदा भिगवणला फ्लेमिंगो बघायला. पुढे फोनचे कॅमेरे सुधारले आणि हा ठोकळा काळ्या बॅगेत गेला, बॅग कपाटाच्या वरच्या खणात, लग्नातल्या शालूंच्या मागे. कोकणे चौकाच्या आसपासच्या सोसायट्यांमधले असे झोपलेले कॅमेरे गोळा केले तर एक बऱ्यापैकी दुकान थाटता येईल.

त्यातले काही माझ्याकडे येतात. मी हौशी फोटोग्राफर आहे हे बिल्डिंगमध्ये सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे "काकू, हा विकला तर कितीला जाईल?" असं विचारायला कुणी ना कुणी बेल वाजवतं. मी किंमत लगेच सांगत नाही. लेन्स काढते, एका बाजूने टॉर्च मारते आणि त्यांनाच आत बघायला लावते. काचेवर पांढरट धागे पसरलेले दिसतात. बुरशी.

"पण आम्ही तर फारसा वापरलाच नाही!"

वापरला नाही म्हणूनच. पवनेच्या काठावरचं गाव आपलं. जून ते सप्टेंबर भिंतीसुद्धा ओल धरतात. हवेतली आर्द्रता बरेच दिवस साठ टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीला अंधार आणि कोंदट जागा एवढंच हवं असतं, आणि कॅमेऱ्याची बॅग म्हणजे नेमकं तेच. आतला फोम ओल शोषून बसतो. लेन्सवरची धूळ आणि बोटांचा तेलकटपणा बुरशीला पुरतो. तिच्या स्रावातलं आम्ल काचेवरचा मुलामा खातं, त्यामुळे उशिरा साफ केली तर बुरशी जाते, डाग राहतो. मग उजेडाच्या दिशेने काढलेला प्रत्येक फोटो धुरकट.

यावरचा उपाय इतका स्वस्त आहे की कुणाचा विश्वास बसत नाही. पापड सादळू नयेत म्हणून आपण घट्ट झाकणाचा डबा वापरतो, तसाच एक मोठा डबा, त्यात सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर. काटा चाळीस ते पन्नासच्या मध्ये ठेवायचा. त्याहून फार खाली नको, कोरड्या हवेत रबर आणि आतलं वंगण सुकतं. सिलिका जेलचे निळे दाणे ओल पिऊन गुलाबी झाले की तापवून पुन्हा वापरता येतात. मात्र त्या निळ्या रंगात कोबाल्ट क्लोराइड असतं, तेव्हा स्वयंपाकाच्या कढईत ते घालू नका. नारिंगी दाणे मिळतात, ते घ्या. लेन्सपुढे लावायच्या फिल्टरवर हजारो रुपये घालणारे लोक या डब्यापाशी अडतात आणि विचारतात, "खरंच गरज आहे का हो?"

माझा कॅमेरा जागा राहतो तो पालखीमुळे. तुकोबांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५मध्ये सुरू केलेला हा सोहळा देहूहून निघतो, आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्काम करतो आणि दुसऱ्या दिवशी पिंपरी, कासारवाडी, दापोडीवरून पुण्यात जातो. आम्हाला पवना ओलांडली की जुना हायवे. कॅमेऱ्याची खरी परीक्षा तिथे होते. पांढरे सदरे, पांढरी धोतरं, पांढऱ्या टोप्या, वर ढगाळ आभाळ आणि टोपीखाली उन्हाने रापलेले चेहरे. कॅमेऱ्याचा मीटर समोरचं सगळं सरासरीने मध्यम करड्यावर आणू बघतो, म्हणजे अख्खी दिंडी मळकी आणि चेहरे काळे. त्यासाठी एक्स्पोजर मुद्दाम पाऊण-एक स्टॉप वाढवावं लागतं. जास्त वाढवलं तर सदऱ्यांच्या चुण्या उडून जातात. म्हणून मी रॉमध्ये काढते. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्या, १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. घरी बसून चेहरे उजळायला तेवढी ऐसपैस जागा लागतेच. पावसासाठी पारदर्शक पिशवी आणि रबरबँड पुरतो. आणि एसी गाडीतून उतरल्याउतरल्या कॅमेरा बॅगेबाहेर काढू नये. गार काचेवर बाफ धरते आणि तेवढ्यात दिंडी पुढे जाते.

सॉफ्टवेअरचं दुखणं निराळं. फुकटातलं पिकासा गुगलने २०१६मध्ये बंद केलं, तेव्हा आमच्या वयाच्या अनेकांना पोरकं झाल्यासारखं वाटलं. लाइटरूम २००७मध्ये आलं. एकदाच पैसे भरून कायमचं घ्यायची त्याची शेवटची आवृत्ती २०१५ची, आणि २०१७मध्ये अ‍ॅडोबीने सगळं भाड्यावर नेलं. आपल्याच फोटोंच्या कपाटाचं भाडं भरत राहायचं हे मला पटत नाही. त्याच वर्षाच्या डिसेंबरात डार्कटेबल हे मोफत सॉफ्टवेअर विंडोजवर आलं, मी तिकडे गेले. शिकायला किचकट आहे, नाही असं नाही. पण मला सरकवायच्या पट्ट्यांपेक्षा फोटो सापडणं महत्त्वाचं वाटतं. 'आकुर्डी', 'वीणेकरी', 'तुळस' असे शब्द फोटोंना जोडून ठेवले की दहा वर्षांपूर्वीची आजी क्षणात समोर येते. विकत मिळणाऱ्या तयार प्रीसेटांनी मात्र वैताग आणलाय. सगळ्यांची वारी एकाच निळ्या-नारिंगी रंगात न्हालेली. हल्ली एआय फोटोतले दाणे घालवतं, रात्रीच्या कीर्तनाला त्याचा उपयोगही होतो, पण तेच जरा जास्त चालवलं की सत्तरीच्या वारकऱ्याच्या सुरकुत्या इस्त्री केल्यासारख्या नाहीशा होतात.

तर, विकायला आलेले कॅमेरे. जुन्या डीएसएलआरला बाजारात आता फारसं कुणी विचारत नाही. म्हणून मी सांगते, विकू नका. बुरशी लागलेली १८-५५ लेन्स बाजूला ठेवा आणि ५० एमएम एफ १.८ घ्या. या कॅमेऱ्यांच्या छोट्या सेन्सरवर ती ७५-८०सारखी वागते, चेहऱ्यांना छान. तिसऱ्या मजल्यावरच्या एका मुलाने ऐकलं. परवा तो विचारत होता, "काकू, सोसायटीच्या गणपतीत फ्लॅश कुठे मारू?" मंडपाचं छत लाल कापडाचं आहे, वर मारलास तर बाप्पासकट सगळे लाल होतील, म्हटलं, क्लबहाउसची पांढरी भिंत जवळ असेल तर तिकडे वळव, नाहीतर फ्लॅश घरीच ठेव आणि आयएसओ ३२०० कर.