अकरा महिन्यांचा गैरसमज



‘अकरा महिन्यांच्या भाडेकराराला नोंदणी लागत नाही, नोटरी पुरे’ हे आपल्या पत्रलेखकाचे म्हणणे महाराष्ट्रात टिकत नाही. वर्षाच्या आतील भाडेपट्ट्याला सूट आहे ती १९०८च्या केंद्रीय नोंदणी कायद्यात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९च्या कलम ५५ने मुदत कितीही असो, लेखी करार आणि नोंदणी सक्तीची केली असून जबाबदारी घरमालकावर टाकली आहे. चुकल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याहून जड भाग पुढेच आहे: नोंदणीकृत करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. नोटरीचा शिक्का तिथे कामाचा नाही.

खर्चाचा आक्षेपही फोल आहे. वीस हजार भाडे आणि लाखभर अनामत धरली, तर पाव टक्क्याने अकरा महिन्यांचे मुद्रांक शुल्क सहाशे रुपयांच्या आत बसते. नोंदणी फी वेगळी. दलालीपुढे हे काहीच नाही! नोंदणी करूनही ताबा लवकर मिळत नाही, ही तक्रार मात्र रास्त आहे. तरी राहण्याच्या जागेसाठी ‘लिव्ह अँड लायसन्स’ करार असेल, तर कलम २४नुसार सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येते आणि मुदतीनंतरच्या वास्तव्याबद्दल दुप्पट शुल्क मागता येते.

— एक वाचक, पुणे